आपली साखर

टेहळ्याच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद झाला तो त्याच्या सासऱ्यांना. आनंद झाला असं ते म्हणाले नाहीत, आणि असं कुणी म्हणतही नाही. पण आनंद आणि खोकला लपवून लपत नाहीत.

सासऱ्यांना सगळे पंच म्हणत. आयुष्यभर फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकलेला माणूस. बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आले ते एक बॅग, एक शिट्टी आणि दोन कार्डं घेऊन. पिवळं आणि लाल. कार्डं कायम शर्टाच्या खिशात. दूध उतू गेलं, की पिवळं. कडी लावायची राहिली, की पिवळं. लाल मात्र त्या घरात अजून कुणी पाहिलं नव्हतं. एकदा दिलेला निर्णय पंचांनी उभ्या जन्मात फिरवला नव्हता, आणि ह्याचा त्यांना भारी अभिमान होता. चुकलेल्या निर्णयांचा तर अंमळ जास्तच.

टेहळ्या त्यांचा जावई. शहरातल्या तीन मजली दुकानात तो भुरट्या चोरांवर नजर ठेवायचं काम करी. कपड्यांच्या ढिगाआडून, आरशांतून, कॅमेऱ्यांच्या पडद्यांवरून तो माणसांचे हात बघत बसे. तोंडाकडे तो बघतच नसे. तोंडं सगळ्यांचीच सज्जन असतात, असं त्याचं मत होतं. अंगाने काटकुळा, इतका की दुकानातल्या कपड्यांच्या मांडणीमागे उभा राहिला तर हँगरसुद्धा त्याला आपल्यातला समजावा.

पंचांना हा जावई पहिल्यापासून पसंत नव्हता. भांडण कधी झालं नाही. भांडायला जवळीक लागते. ते त्याला "जावईबुवा" म्हणत आणि "तुम्ही" म्हणत, आणि त्या मानामध्ये इतकं अंतर असे की मधून एखादी बस आरामात वळली असती. टेहळ्याचे वडील तो अगदी लहान असतानाच गेलेले. कुणा वडीलधाऱ्याने आपल्याला हक्काने "अरे" म्हणावं, दोन शब्द सुनवावेत, ही त्याची हौस तशीच राहून गेली होती. सासऱ्यांना काय म्हणून हाक मारावी हे न सुचल्यामुळे तोही इतकी वर्षं खाकरून काम भागवत आला होता.

आणि मग साखर निघाली.

दवाखान्यात त्या दिवशी बायको आलीच नव्हती. ती शाळेत शिकवायची आणि नेमकी परीक्षा चालू होती. पंच स्वतः सोबत आले. वीस वर्षं साखर सांभाळलेला माणूस; दवाखान्यात असे शिरले, की जणू स्वतःच्या मैदानावर उतरताहेत. डॉक्टर बाईंनी टेहळ्याचे कागद बघितले आणि विचारलं, "घरात कुणाला आहे?"

"मला आहे," पंच छाती काढून म्हणाले. "वीस वर्षं."

"तुम्ही ह्यांचे वडील का?"

पंचांनी टेहळ्याच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा. "तसंच समजा," ते म्हणाले.

डॉक्टर बाई तसंच समजल्या. कागदावर तसंच लिहिलंही. टेहळ्याच्या जिभेवर आलं होतं, की नाही हो, हे सासरे. पण खांद्यावरचा हात ऊबदार होता, जड होता, आणि तो तिथून उठू नये असं त्याला फार वाटलं. चोराचा हात खिशाकडे वळला तर ताबडतोब ओळखणारा हा माणूस, स्वतःची नजर खाली वळवून गप्प बसला.

"चाळिशी उलटलेली, खुर्चीतलं काम, वडिलांना आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. गोळ्या देते. गोड बंद, चालणं सुरू."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पंच म्हणाले, "घाबरू नकोस रे. आपली साखर तशी गुणी आहे."

रे म्हणाले! आपली म्हणाले! टेहळ्याला वाटलं, आधीच का नाही झाली आपल्याला साखर.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा संघ तयार झाला. पंचांच्या गोळ्यांच्या डबीत टेहळ्याच्या गोळ्यांना जागा मिळाली. सकाळी उजाडलं की पंच दारात हजर. "बूट घाल. आपली साखर बसल्या जागी उतरत नाही." बागेच्या कडेने दोघे चालत. पंच वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "आमच्याकडे आहे ही. आमच्या घरातच आहे." घराण्यात एखादी पदवी चालत आल्यासारखा तो सूर असे. टेहळ्याची बायको गॅलरीतून त्यांच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, ह्या दोघांना एकत्र आणायला मी इतकी वर्षं डोकं फोडलं, आणि जमवलं कोणी, तर साखरेने.

पण साखर काही उतरेना. चालून झालं, भात सुटला, चहा बिनसाखरेचा झाला, गोळी वाढली, तरी आकडा आपला वरच. पंच बुचकळ्यात पडले. त्यांच्या वेळी असं झालं नव्हतं, आणि त्यांच्या वेळी जे झालं नाही ते व्हायला त्यांची परवानगी नसे. "कुठेतरी फाउल होतोय," ते म्हणाले.

बायकोला फाउल शोधायची सवयच होती. परीक्षेच्या वर्गात कुणाच्या बाहीत काय आहे हे तिला चालण्यावरून कळे. घरात गोड म्हणून एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे तिच्या स्वतःच्या नाश्त्याचा स्ट्रॉबेरीचा जॅम. तिने बाटलीवरचा कागद अलगद सोडवला, जॅम जिथवर होता तिथे पेनाने रेघ मारली आणि कागद पुन्हा चिकटवला. त्यानंतर तिने स्वतः त्याला हात लावला नाही. काही दिवसांनी कागद सोडवून बघते, तर जॅम रेघेच्या चांगला दोन बोटं खाली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाटली मधोमध ठेवून खटला उभा राहिला.

"मी खाल्ला नाही," टेहळ्या म्हणाला.

"मग बाटलीने स्वतःच चाटला का?" बायको म्हणाली. "घरात माणसं तीन. मी नाही. बाबा तर वीस वर्षांत कणभर साखरेला शिवले नाहीत."

पंचांनी घसा साफ केला. खिशातून पिवळं कार्ड काढलं, पण इतक्या मायेने, की बघणाऱ्याला ते आशीर्वादच देताहेत असं वाटावं. "नवा आहे तो," ते म्हणाले. "सुरुवातीला जातो हात. ओरडू नकोस त्याला." आणि टेहळ्याच्या पाठीवर थोपटलं.

आता टेहळ्याची गंमत अशी, की त्याला स्वतःचाच संशय यायला लागला. दुकानात पकडलेली माणसं त्याला रोज हेच सांगत: साहेब, मला कळलंच नाही, हात आपोआप गेला. त्या वाक्याला तो इतकी वर्षं हसत आला होता. आता तो घरी येऊन आधी स्वतःचे खिसे तपासू लागला. बोटांचा वास घेऊ लागला. एकदा आरशासमोर उभं राहून त्याने स्वतःला दरडावून विचारलंही, "खरं बोल, खाल्लास ना?" आरशातला माणूस सज्जन दिसत होता, आणि सज्जन तोंडावर तर त्याचा मुळीच विश्वास नव्हता.

शेवटी त्याने आपल्या धंद्यातला उपाय केला. दुकानातला एक जुना, बोटाएवढा कॅमेरा साहेबांना विचारून घरी आणला, फडताळावर चहाच्या डब्यामागे बसवला आणि मोबाईलला जोडला. स्वतःला रंगेहाथ पकडण्यासाठी पहारा लावणारा तो पहिलाच टेहळ्या असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात तो पडद्यांसमोर बसला होता. एका पडद्यावर एक बाई मोजे निवडत होती, दुसऱ्यावर एक गृहस्थ छत्री उघडून बघत होते, आणि हातातल्या मोबाईलवर होतं त्याचं स्वतःचं स्वयंपाकघर. तिथे एक हात आला. हाताला मागून शर्ट होता, शर्टाच्या खिशात पिवळं आणि लाल कार्ड होतं.

पंचांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बाटली उघडली. चमचा बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटले. मग दुसरा चमचा. तिसऱ्या चमच्याच्या आधी मात्र ते थांबले, चमच्याकडे करारी मुद्रेने बघितलं, स्वतःला नियम समजावला असावा, आणि मग खाल्लाच.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर कुंपणच बैलाला पिवळं कार्ड दाखवत होतं! टेहळ्याला आधी राग आला. मग हसू आलं. आणि मग पुढचं दिसलं. हे बायकोला सांगितलं, की पंचांची वीस वर्षांची अब्रू जाणार. सकाळचं फिरणं जाणार, डबीतली जागा जाणार, "अरे" जाणार. पुन्हा जावईबुवा, पुन्हा मधून बस.

त्याच संध्याकाळी बायकोने पुन्हा बाटली पुढे केली. टेहळ्याने पंचांकडे बघितलं. पंच पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

"मीच खाल्ला," टेहळ्या म्हणाला.

पेपराच्या मागून पंचांनी एक मोठा श्वास सोडला. कबुलीवर बायकोचं समाधान झालं, आणि पुढच्या वेळी तिने ती दवाखान्यात जशीच्या तशी पोचवली. डॉक्टर बाईंनी टेहळ्याची कानउघाडणी केली आणि गोळ्या आणखी वाढवल्या. गुन्हेगार स्वतःच गुन्हा कबूल करतोय म्हटल्यावर पुढे तपास करायचा कोणी?

पण शरीराला कबुलीशी देणंघेणं नसतं. टेहळ्या मुळात काटकुळा, आता तर पॅंट कमरेवर टिकेना. तहान अशी लागे, की पाण्याचा जग रिकामा करून तो पुन्हा नळाकडे बघे. पाय गळून जात. सगळ्यांत वाईट म्हणजे डोळे. पडद्यावरचे हात त्याला धुरकट दिसू लागले, आणि हात दिसले नाहीत तर टेहळ्या कसला? आणि एके दिवशी दुसऱ्या मजल्यावर, भर गिऱ्हाइकांत, त्याने एका लांब कोटवाल्याचं मनगट पकडलं आणि दरडावलं, "बाहेर चला. हा कोट कुठून घातलात?"

कोटवाला काहीच बोलला नाही. बोलणार कसा, तो काचेपुढे उभा केलेला पुतळा होता. मनगट निखळून टेहळ्याच्या हातात आलं. सगळा मजला हसला, दुकानाचे साहेब सोडून. साहेबांनी त्याला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "आधी तब्येत बघा. डोळे असे राहिले, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." टेहळ्या तसाच जिन्यावर बसला. आपली नोकरी जाणार, आणि नोकरीच्या आधी कदाचित आपणच, हे त्याला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं. त्याला भीती वाटली.

तिघेही दवाखान्यात गेले. डॉक्टर बाईंनी आकडा बघितला, वजनाचा काटा बघितला, आणि नेहमीसारख्या रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवलं.

"मला खरं सांगा," त्या टेहळ्याला म्हणाल्या. "तुम्ही गोड खात असाल, तर एवढ्या साखरेचं कारण निदान समजतं. खात नसाल, तर मी आजवर चुकीचं औषध देतेय आणि तुम्हाला दुसरंच काहीतरी झालंय. उशीर केला तर जिवावर बेतेल. खाता की नाही?"

टेहळ्याने खाली बघितलं. शेजारच्या खुर्चीत पंचांचे बूट दिसत होते, सकाळच्या फिरण्याचे, त्याच्याच हातांनी पुसलेले.

"खातो," तो म्हणाला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पंच उभे राहिले होते. त्यांनी खिशात हात घातला, कधीच न काढलेलं लाल कार्ड काढलं, हात सरळ वर ताठ केला आणि ते स्वतःच्याच डोक्यावर धरलं.

"फाउल," ते म्हणाले. "जॅम मी खातो. रोज दुपारी. ह्याने कधी बोटसुद्धा लावलं नाही."

"बाबा!" लेक ओरडली.

"थांब, अजून आहे." हात अजून वरच होता. "डॉक्टर, मी ह्याचा बाप नाही. सासरा आहे. ह्याच्या रक्ताचा आणि माझ्या रक्ताचा काही संबंध नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी... मला बरं वाटलं, म्हणून बोललो."

डॉक्टर बाईंनी पहिलं पान काढलं, त्यावरचं 'वडिलांना आहे' खोडलं, आणि टेहळ्याकडे असं बघितलं, की जणू हा माणूस आपल्याकडे आजच आलाय.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "चाळिशी उलटली की आम्ही डोळे झाकून दुसरा प्रकार लिहितो. एवढा बारीक माणूस, गोळ्यांना दाद नाही, वजन उतरतंय. मला आधीच शंका यायला हवी होती." मग पंचांकडे वळल्या. "आणि तुम्हीही माझ्याकडे दाखवायला लागल्यापासून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी दर वेळी टाळता, ती ह्याचसाठी होय?"

"साध्या तपासणीच्या आदल्या दिवशी मी जॅमशी सामना खेळत नाही," पंच पुटपुटले, आणि खाली बसले.

टेहळ्याची लघवी लगेच तपासली, आणि इन्सुलिन त्याच दिवशी सुरू झालं. रक्ताच्या खास तपासण्या बाहेर पाठवल्या होत्या, त्या आल्यावर डॉक्टर बाईंनी समजावलं. शरीराचे पहारेकरी बिथरले होते. इन्सुलिन तयार करणाऱ्या घरच्याच पेशींना ते चोर समजून एकेकीला संपवत होते. हा पहिला प्रकार. लहान मुलांमध्ये तो धडाधड येतो, मोठ्यांमध्ये कधीकधी चोरपावलांनी, म्हणून ओळखू येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! टेहळ्याच्या घरात चाललेला तमाशा त्याच्या पोटात त्याच्याही आधीपासून चालू होता.

सुईने जादू केली. डोळे निवळले, पॅंट कमरेवर बसली, आणि दुकानात पुतळ्यांना पुन्हा निर्धास्त उभं राहता येऊ लागलं.

घरात मात्र बस परत आली. पंचांनी डबीतून टेहळ्याच्या गोळ्या काढून एका कागदात बांधून त्याच्या टेबलावर ठेवल्या. सकाळी ते एकटेच फिरायला जात. "जावईबुवा, तुमची सुई टोचून झाली असेल तर मीठ द्या," असं जेवताना म्हणत. बायकोने बापाला जॅमवरून जे बोलायचं ते एकदा बोलून टाकलं होतं आणि बाटली शाळेत नेऊन ठेवली होती. तिचा राग सरला होता. टेहळ्याला तर राग नव्हताच. पण पंच त्याच्याकडे बघत नव्हते, आणि कारण टेहळ्याला कळत होतं. खोटं उघडं पडल्याची लाज होतीच. पण त्यांना जास्त लागलं होतं ते वेगळंच. साखर वेगळी निघाली होती.

महिन्याच्या तपासणीला पंच आले, पण आत शिरले नाहीत. बाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडंच होतं. आत डॉक्टर बाई खुशीत होत्या. "छान चाललंय," त्या टेहळ्याला म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांना काही लोक गमतीने दीड नंबरचे म्हणतात. सुरुवात दुसऱ्या प्रकारासारखी वाटते, निघतो पहिला. मी मात्र पहिलाच म्हणते." बाहेरच्या बाकाचा करकर आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेहळ्या उठून बघतो, तर पंच बूट घालून दारात उभे. पाठ त्याच्याकडे, तोंड रस्त्याकडे.

"जावईबुवा, काल डॉक्टर दीड म्हणाल्या का?"

"म्हणाल्या. पण त्या म्हणाल्या, की खरं तर तो पहिलाच—"

"विचारलं तेवढं सांगा. दीड म्हणाल्या की नाही?"

"म्हणाल्या."

पंचांनी मनात हिशेब केला. बोटं हलताना टेहळ्याला दिसली. हात बघायची सवयच त्याला.

"म्हणजे त्यातली एक तुमची स्वतःची."

"हो."

"आणि वरची अर्धी?"

टेहळ्याने ओळखलं, की हे शास्त्र नव्हे. डॉक्टर बाईंनी ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. आयुष्यात त्याने कितीतरी खोटी बोलणी पकडली होती, आणि एक खोटं बोलून जीवही गमवायची वेळ आणली होती. पण ह्या खोट्याने कुणाचा आकडा वाढणार नव्हता. तो खाकरला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने नीट हाक मारली.

"ती तुमच्याकडून आली असणार, बाबा."

पंच सावकाश वळले. लाल कार्ड धरून दिलेला निर्णय आयुष्यात पहिल्यांदाच फिरवायचा म्हटल्यावर माणसाला थोडा वेळ लागणारच.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "आमच्याकडे आहेच ती." मग खिशातलं पिवळं कार्ड काढून त्याच्या नाकासमोर नाचवलं. "आणि असा बघत काय उभा राहिलास? बूट घाल!"